दोषी चाक कोणते?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मोटारीने जावयाचे तर उरवाई दरवाज्याची वाट धरावी लागते. अरुंद, वळणाची आणि चांगलीच उभी अशी ही चढण आहे. वाटेत खडकात कोरलेल्या, पंधराव्या शतकातील तोमर राजांच्या काळच्या भव्य जैन मूर्ती लागतात. चढताना प्रवाशांचे डोळे त्या मूर्तींवर खिळलेले असतात. उतरताना मात्र मोटार हाकणाऱ्याचे सारे चित्त उजव्या पायाखालच्या ब्रेकवर एकवटलेले असते. आजचा विषय त्या ब्रेकचा आहे. आणि तो मला सुचला, किंबहुना माझ्या मानगुटीवर बसला, तो याच उतारावर.

आमच्या ग्वाल्हेरचा व्यापारमेळा १९०५ सालापासून भरत आला आहे. महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत तो सुरू झाला. मेळ्यातील खरेदीवर राज्य सरकारने वाहनकरात वेळोवेळी सवलत दिल्यामुळे अलीकडे तेथे मोटारींची विक्री फार होते. एकाने मेळ्यात नवी मोटार घेतली, की त्याची जुनी मोटार दुसऱ्या कोणाच्या तरी दारात येऊन उभी राहते. माझ्या पुतण्याच्या दारात अशीच एक जुनी, लहानशी मोटार आली. मागच्या उन्हाळ्यात आपल्या आईला आणि दोन मुलांना घेऊन तो किल्ल्यावरून उतरत होता. वळणावर एक सायकलवाला एकाएकी आडवा आला. पुतण्याने ब्रेक दाबला, तो डाव्या बाजूचे पुढचे चाक जागच्या जागी जाम झाले, टायर किंचाळला, मोटार डावीकडे ओढली गेली आणि कडेच्या दगडापासून हातभर अंतरावर थांबली. मागे रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता. दोन नव्हे, एकच, आणि तोही डाव्या चाकाचा.

त्याने मोटार मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री म्हणाला, “डावा ब्रेक जास्त पकडतो.” त्याने डाव्या चाकाचे पॅड काढून तेथे कडक जातीचे नवे पॅड बसवले. चाक जाम होणे थांबले, ओढ नाहीशी झाली, पैसे चुकते झाले आणि सर्वांचे समाधान झाले. एक माझे तेवढे झाले नाही. माझे म्हणणे असे होते, की डावे चाक निरपराध होते. शिक्षा मात्र त्यालाच झाली. हे म्हणणे सिद्ध कसे झाले ते सांगण्यापूर्वी चाक जाम होते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे पाहिले पाहिजे.

ब्रेक आणि रस्ता यांची ओढाताण

ब्रेक लावला असता चाकावर दोन शक्तींची ओढाताण सुरू होते. ब्रेक चाकाला थांबवू पाहतो आणि रस्ता त्याला फिरते ठेवू पाहतो. रस्त्याची ही पकड अमर्याद नसते. चाकावर जितके वजन पडले असेल, त्याच्या काही एका अंशाइतकीच ती असते. कोरड्या, चांगल्या डांबरावर हा अंश साधारणपणे सात ते आठ दशांश भरतो. ओल्या डांबरावर तो चार-पाच दशांशापर्यंत उतरतो. आणि डांबरावर वाळू किंवा माती पसरलेली असेल तर विचारूच नये. ब्रेकचा जोर या मर्यादेपलीकडे गेला, की चाक फिरणे सोडून देते आणि घसरू लागते. यालाच आपण चाक जाम झाले असे म्हणतो.

या अंशांचा अर्थ व्यवहारात काय होतो पाहा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, सात दशांश पकड असेल तर, ब्रेक लागल्यापासून सुमारे वीस मीटरांत थांबते. पकड चार दशांशावर आली, की तेच अंतर पस्तीस मीटरांवर जाते. आणि जाम झालेल्या पुढच्या चाकाचा याहूनही मोठा अवगुण असा, की ते मोटारीला वळवू शकत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवले तरी घसरणारे चाक ज्या दिशेने चालले आहे त्याच दिशेने जात राहते. वळणावर याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही.

आता दोहोंपैकी एकच चाक का जाम व्हावे? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते: त्या चाकाचा ब्रेक अधिक लागत असेल, किंवा त्या चाकाला रस्त्याची पकड कमी मिळत असेल. ही दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु तिसरे एक कारण आहे, आणि तेच सर्वांत अधिक वेळा नजरेतून निसटते. ते कारण म्हणजे दुसऱ्या चाकाचा आळस.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे चटकन पटेल. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला, की सारा भार दुसऱ्यावर पडतो. तो धापा टाकतो, घामाघूम होतो, अखेर गुडघे टेकतो. नवखा गाडीवान खाली बसलेल्या बैलालाच चाबूक मारतो. जाणता मात्र आधी दुसऱ्या बैलाकडे पाहतो.

मोटारीतही हेच घडते. ब्रेकच्या पट्टीवर पाय पडला, की मास्टर सिलिंडरातील ब्रेक ऑइलवर दाब येतो, आणि बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाकडे जाणारा दाब मुळात समसमानच असतो. परंतु उजव्या चाकाने त्या दाबाचे काम केले नाही, तर मोटार हवी तशी मंदावत नाही. चालक साहजिकच अधिक जोराने पट्टी दाबतो. दाब दोन्हीकडे वाढतो. उजवे चाक तरीही अंग चोरते, आणि प्रामाणिक डाव्या चाकावर त्याच्या पकडीपेक्षा अधिक जोर येऊन ते जाम होते. काळा पट्टा प्रामाणिकाच्या नावावर उमटतो.

पाना हाती घेण्यापूर्वी

वैद्य नाडी पाहण्याआधी चार प्रश्न विचारतो. मोटारीच्या बाबतीतही तसेच करावे. दरवेळी तेच चाक जाम होते, की कधी हे, कधी ते? सकाळी, ब्रेक थंड असतानाच होते, की दहा-पाच वेळा ब्रेक लावून तापल्यावर? कोरड्या रस्त्यावर, की पाऊस पडून गेल्यावरच? पट्टी हळू दाबली तरी मोटार ओढते, की जोराने दाबली तरच? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: हे सुरू होण्याच्या आधी मोटारीचे कोणते काम केले होते? टायर बदलले, पॅड बदलले, पुढची चाके खोलली, असे काही असेल तर शोध तेथूनच सुरू करावा.

त्यानंतर रस्त्याला त्याचे माप द्यावे. आपले रस्ते मध्यभागी उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो. म्हणून डावे चाक उताराच्या आणि धुळीच्या बाजूला असते. आमच्या भागात उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला मातीचा थर साचतो. त्यावर डावे चाक आधी घसरले तर तो मोटारीचा दोष नव्हे. शिवाय चालक उजवीकडे बसतो. तो एकटाच असेल तर उजव्या बाजूवर त्याचे वजन अधिक पडते, आणि डावे चाक किंचित हलके राहते. त्यामुळे अगदी जोराच्या ब्रेकमध्ये डावे चाक निमिषभर आधी जाम होणे स्वाभाविक आहे. खरी परीक्षा घ्यावयाची ती मोकळ्या, सपाट, कोरड्या आणि निर्मनुष्य मैदानावर, ताशी तीस किलोमीटरच्या आत, आणि एकदा या दिशेने व एकदा उलट दिशेने. दोन्ही वेळा मोटार आपल्या त्याच अंगाला ओढली गेली, तरच दोष मोटारीत आहे असे समजावे.

आधी टायर, मग ब्रेक

पुष्कळजण लगेच ब्रेक खोलतात. ते चुकीचे आहे. आधी टायर पाहावेत, कारण त्याला पैसे पडत नाहीत. दोन्ही पुढच्या टायरांतील हवा थंड असताना मोजावी. एकात ती कमी असेल तर त्या बाजूला ओढ लागते. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत ना, हे पाहावे. एक नवा आणि एक गुळगुळीत अशी जोडी पुढे लावणे म्हणजे ओल्या रस्त्यावर संकटाला आमंत्रण देणे होय. जुन्या टायरांचा रबर वयाने कडक होतो. खाचा चांगल्या दिसल्या तरी पकड गेलेली असते.

टायरचा संशय फेडण्याची एक अतिशय सोपी युक्ती आहे. डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवावे, आणि पुन्हा तीच परीक्षा घ्यावी. मात्र टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ही अदलाबदल करू नये. जाम होण्याचा दोष टायरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष टायरचा. तो आपल्या जागीच राहिला, तर टायर सुटले, आणि ब्रेककडे, स्प्रिंगकडे व सांध्यांकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा सगळ्या निदानाचा पाया आहे. टायर, पॅड आणि ऑइल एकाच दिवशी बदलणाऱ्याला दोष गेला तरी तो कशाने गेला हे कधीच कळत नाही.

हात, कान आणि उष्णता

आता मोटार सपाट जागी उभी करून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचा भाग जॅकने उचलावा आणि खाली पक्के स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून मोटारीखाली जाणे हे अविचाराचे लक्षण आहे. गिअर मोकळा ठेवून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. पॅड डिस्कला किंचित घासल्याचा आवाज येणे स्वाभाविक आहे. पण एक चाक सहज फिरते आणि दुसरे जड, असे असू नये. मग कोणाला तरी आत बसवून पट्टी अगदी हळूहळू दाबावयास सांगावे. कोणते चाक आधी धरले जाते आणि कोणते मागाहून, पट्टी सोडल्यावर कोणते लगेच सुटते आणि कोणते रेंगाळते, हे हातालाच कळते.

पट्टी सोडल्यावरही एक चाक जड राहिले तर ते का, हे ओळखण्याची रीत अशी. त्या चाकाच्या कॅलिपरवर हवा काढण्याचे जे निपल असते ते किंचित सैल करावे. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडून राहिला होता. चाक तसेच जड राहिले, तर दाबाचा प्रश्न नाही. पिस्टन किंवा सरकणारी पिन अडकली आहे. दाब कोंडला असेल तर निपल पुन्हा बंद करून, पट्टी एकदा दाबून सोडावी आणि रबरी होज पाइपाच्या वरच्या टोकाचा जोड सैल करावा. चाक मोकळे झाले तर होज निर्दोष आहे, दोष त्याच्याही वर आहे. मोकळे झाले नाही तर होज आतून सुजून बंद झाला आहे. बाहेरून असा होज अगदी नवा दिसतो. तो ऑइल जाऊ देतो पण उशिराने, आणि परत येऊ देतो तेही उशिराने. म्हणून तेच चाक आरंभी अंग चोरते आणि मागाहून सोडत नाही. अशी तपासणी झाल्यावर सांडलेले ऑइल धुऊन काढावे आणि ब्रेकमधील हवा काढावी. हवा काढल्याशिवाय मोटार रस्त्यावर नेऊ नये.

दुसरा साक्षीदार उष्णता. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र. बाराशे किलोची मोटार शंभर मीटरांचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर त्या ब्रेकांत जी उष्णता निर्माण होते तिने साडेतीन लिटर थंड पाणी उकळीपर्यंत येईल. ही उष्णता पुढच्या दोन चाकांत सारखी वाटली गेली पाहिजे. म्हणून दोन वेगळ्या फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत ब्रेकला शक्यतो हात न लावता, म्हणजे पाय न लावता, तीन-चार किलोमीटर जावे आणि मोटार आपोआप थांबू द्यावी. या फेरीनंतर एक चाक तापलेले निघाले, तर ते चाक ब्रेक सोडत नाही असे समजावे; तेथे तेच दोषी. दुसऱ्या फेरीत पाच-सहा वेळा चांगला ब्रेक लावावा. पहिल्या फेरीत दोन्ही थंड आणि दुसऱ्या फेरीत एक तापलेले, एक कोमट असे निघाले, तर तापलेले चाक कामाचे आहे आणि कोमट चाक अंगचोर आहे. डिस्कला हात मात्र लावू नये, कातडे सोलून निघेल. दुरून उष्णता मोजणारे यंत्र हल्ली स्वस्तात मिळते, किंवा डिस्कजवळ नुसता तळहात नेला तरी फरक कळतो.

कॅलिपर उघडल्यावर

आता पाना. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरतो तो कॅलिपर. बहुतेक लहान मोटारींत पिस्टन एकाच, म्हणजे आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड आपल्याकडे ओढून घेतो. या पिनांवर रबरी टोप्या असतात व आत ग्रीस असते. टोपी फाटली, की उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात पाणी आत जाते. ग्रीस वाळते, पिन गंजते आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग एकटा आतला पॅड काम करतो आणि बाहेरचा नुसता पाहत बसतो.

याचा पुरावा पॅडच देतात. आतला पॅड झिजून पातळ आणि बाहेरचा जवळजवळ नवा, असे दिसले तर पिन अडकली आहे. पॅड पाचरीसारखा एका टोकाला झिजला असेल तरीही संशय पिनेवर किंवा पॅडच्या बैठकीवर घ्यावा. पॅडवर तेल, ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागले असेल तर तो पॅड धुऊन वापरू नये. दोन्ही चाकांचे पॅड बदलावेत आणि गळती कोठून झाली ते शोधावे. एकाच चाकाचे पॅड बदलणे ही काटकसर नव्हे. डिस्कचा जो अंगभाग नेहमी घासला जातो तो चकचकीत असतो. जेथे गंजाचे पट्टे दिसतात तेथे पॅड नीट टेकत नाही. पिस्टनही तपासावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे आतून गंज चढतो, आणि ऑइलची उकळण्याची मर्यादाही घटते. प्रचलित डॉट चार जातीच्या नव्या ऑइलची ही मर्यादा किमान २३० अंश असते, तीच ओलावा शोषल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणूनच दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे असे सांगतात.

ज्यांच्याकडे ड्रम ब्रेकच्या जुन्या मोटारी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत होती, आणि तिच्यावर जीव टाकणारी माणसे आजही आहेत. ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेने दाबला जाणारा शू स्वतःच्याच घर्षणाने अधिक आत ओढला जातो. त्यामुळे दोन बाजूंच्या लायनरांतील लहानसा फरक ब्रेकमध्ये मोठा होऊन उतरतो. तेथे दोन्ही बाजूंचे लायनर एकाच जातीचे असणे, शूंचे अंतर सारखे लावणे आणि चाकाचा सिलिंडर गळत नसणे, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर एकच ड्रम ओला राहिला तरी मोटार ओढते. पाय हलका ठेवून थोडे अंतर गेले की तो वाळतो. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेक निर्दोष ठरला तर

कधी कधी ब्रेक दोन्हीकडे सारखा असूनही एक चाक जाम होते. मग वजनाकडे पाहावे. चौरंगाचा एक पाय आखूड असला, की तो त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर हलका राहतो आणि उरलेल्या दोहोंवर टेकतो. मोटारीची एक स्प्रिंग बसली किंवा तुटली, की तसेच होते. हलके पडलेले चाक आधी घसरते. शॉक ॲब्सॉर्बर संपला असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते, आणि हवेत असलेले चाक जाम होण्यास वेळ लागत नाही. खालच्या हाताचे रबरी बुश फाटले असतील तर ब्रेक लावताच चाक मागे सरकते आणि मोटार दिशा बदलते. येथे ओढ ब्रेकची वाटते पण असते बुशाची.

आणखी एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ मोटारींत ब्रेकच्या नळ्या तिरप्या जोडलेल्या असतात: पुढचे डावे व मागचे उजवे एका जोडीत, पुढचे उजवे व मागचे डावे दुसऱ्या जोडीत. एक जोडी निकामी झाली तरी निम्मा ब्रेक उरावा, हा हेतू. अशा मोटारींत पुढच्या चाकांची बैठकही पुष्कळदा अशी केलेली असते, की एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी स्टिअरिंगला ओढ फारशी जाणवू नये. सुरक्षिततेसाठी हे उत्तमच आहे. पण त्यामुळे दोष लपून राहतो. हाताला काही कळत नाही, आणि एके दिवशी एकदम काळा पट्टा दिसतो.

येथे कोणी म्हणेल, की आता चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आली आहे, मग ही चिंता कशाला? बॉश कंपनीची ही विजेरी यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीज मोटारींत प्रथम आली, आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. ती जाम होऊ पाहणाऱ्या चाकाचा दाब क्षणभर सोडते. पण अंग चोरणाऱ्या चाकाला ती कामाला लावू शकत नाही. उलट, अशा मोटारीत दोष अधिकच झाकला जातो. हलक्याशा ब्रेकला पट्टी पायाखाली थरथरू लागली, तर ते लक्षण समजावे. आणि ही यंत्रणा असूनही वेगात असताना चाक जाम झाले, तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याची तार आणि सूचनेचा दिवा यांची तपासणी प्रथम करावी.

सारखी, पण सारखी दुबळी

आता पुन्हा पुतण्याच्या मोटारीकडे. आम्ही वर सांगितलेल्या दोन फेऱ्या मारल्या. पहिलीनंतर दोन्ही चाके थंड निघाली. दुसरीनंतर डावी डिस्क बरीच तापली होती, उजवी कोमटच. उजवे चाक काढले. डिस्कच्या बाहेरच्या अंगावर गंजाचे पट्टे, आतला पॅड कागदासारखा झालेला आणि बाहेरचा जाडजूड. पिनेवरची रबरी टोपी फाटलेली. आत ग्रीसऐवजी लाल मातीचा गोळा. पिन हातोडीने ठोकून काढावी लागली.

मिस्त्रीने काय केले होते ते आता उघड झाले. उजवे चाक आळशी होते, म्हणून त्याने डाव्याला कडक, कमी पकडणारे पॅड बसवून जवळजवळ त्याच्याइतके आळशी केले. दोन्ही चाके सारखी झाली, पण सारखी दुबळी. चाक जाम होणे थांबले ते ब्रेक सुधारला म्हणून नव्हे; जाम करण्याइतका जोरच कोठे उरला नाही म्हणून. मोटार सरळ थांबत होती, पण उशिरा. पुतण्याला ते कळले नव्हते, कारण मोटार ओढत नाही एवढ्यावरच त्याचा विश्वास बसला होता. किल्ल्याच्या उतारावर तो सायकलवाला दुसऱ्यांदा आडवा आला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अद्याप जात नाही.

नव्या पिना, नव्या टोप्या, ब्रेकसाठी असलेले विशिष्ट ग्रीस, दोन्ही चाकांना एकाच जातीचे चांगले पॅड आणि नवे ऑइल, एवढ्यावर काम झाले. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगातून पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक लावला. नंतर मैदानावर परीक्षा घेतली. जोराने ब्रेक लावताच दोन पट्टे उमटले. सारख्या लांबीचे, समांतर. इतके देखणे दृश्य मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

ज्यांना जवळ तपासणी केंद्र आहे त्यांनी रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजून घ्यावा. ते सर्वांत निर्णायक. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांत एकाच आसावरील एका चाकाचा ब्रेक दुसऱ्याच्या सत्तर टक्क्यांहून कमी भरला तर वाहन नापास ठरते. आपणही हे माप ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. ज्यांना ती सोय नाही त्यांना डोळे, कान आणि तळहात आहेतच. आणि उतारावर जुना नियम विसरू नये: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकला विसावा मिळतो.

मोटार दुरुस्तीला न्याल तेव्हा मिस्त्रीला कोणते चाक जाम झाले एवढेच सांगून थांबू नका. दुसरे चाक काय करीत होते, हेही त्याला अवश्य विचारा.